लीग वन प्लस: फ्रेंच फुटबॉल बघायचं तर हे घ्या

आम्ही लिलला राहतो, नवरा लांस क्लबचा पक्का फॅन, त्यामुळे रविवारी पोह्यांची प्लेट आणि लॅपटॉप दोन्ही एकाच टेबलावर. २०२४ मधे लीग वनचे, म्हणजे फ्रान्सच्या अव्वल फुटबॉल लीगचे, बहुतेक सामने दाखवायचे हक्क अब्जाधीश लेन ब्लावातनिकच्या डॅझोन या स्ट्रीमिंग सेवेने घेतले, सीझनला ४० कोटी युरोच्या आसपास, आणि वसुली कोणाकडून तर प्रेक्षकांकडून, सुरुवातीचं पॅकेज वर्षाच्या बांधिलकीवर महिना २९.९९ युरो!! लोक भडकले, कित्येक जण चोरून स्ट्रीम बघायला लागले, आणि पाच वर्षांचा करार एका सीझनमधे गुंडाळला. मार बसला क्लबांना, कारण छोट्या क्लबांचं घर टीव्हीच्याच पैशावर चालतं.

मग ऑगस्ट २०२५ मधे लीगने स्वतःचंच चॅनल काढलं, लीग वन प्लस, महिना १४.९९ युरोत आठवड्याच्या ९ पैकी ८ मॅच. मला तर हे फार पटलं, पैसे मधल्या शेठकडे न जाता लीगकडेच जातात. लांसच्या मैदानात दुसरा हाफ सुरू होताना अख्खं स्टेडियम खाणकामगारांचं गाणं म्हणतं, आजोबा-नातू गळ्यात लाल-पिवळे स्कार्फ घालून, ते बघताना दर वेळी अंगावर काटा येतो.

खटकलं एकच, २०२५-२६ च्या सीझनमधे नववी मॅच शनिवारी पाचची, ती बीइन स्पोर्ट्स या दुसऱ्या चॅनलकडे होती. बीइन कतारचं, पॅरिसचा क्लबपण कतारचा आणि दोन्हीकडे अध्यक्ष नासेर अल-खेलाइफीच, हे मला अजिबात पटत नाही. तुमची टीम त्या वेळेला खेळत असेल तर दुसरं सबस्क्रिप्शन घ्यावंच लागायचं. तरी माझ्याकडून ५ पैकी ४.