दरमहा वर्गणी: कार्डाचा नंबर साठवावा की टोकन?

दरमहा आपोआप पैसे कापायचे, तर व्यापाऱ्याला कार्डाची काहीतरी खूण जपावीच लागते. पूर्वी बरेच जण खुद्द नंबरच ठेवत, एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात. सोय उत्तम, पण ते उलगडणारी डिजिटल किल्ली चोरांच्या हाती लागली की सगळेच नंबर उघडे. मग ग्राहकाने कार्ड बदलायचं आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा भरायचं.

टोकनमध्ये खरा नंबर व्यापाऱ्याकडे राहतच नाही. व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे त्याजागी वेगळाच आकडा देतं आणि तो त्या कार्डापुरता, त्या व्यापाऱ्यापुरताच चालतो. एखाद्या ओटीटीच्या सर्व्हरवरून चोरलेलं टोकन दुसऱ्या दुकानात कुचकामी. रद्द करायचं झालं तर तेवढंच करा, कार्ड शाबूत.

भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून हा वाद उरलेलाच नाही: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यापाऱ्याला फार तर शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. माझ्या मते योग्यच झालं, जरी कार्ड नव्याने आलं की पुन्हा संमती देण्याची कटकट आहे. मात्र विसरलेली वर्गणी टोकन थांबवत नाही. त्यासाठी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी येणारा बँकेचा संदेशच वाचावा लागतो.