मर्जी की कायदा? भारत आणि युगांडा यांच्या निर्वासित धोरणांची तुलना

भारताला निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा हवा की नको, याविषयी मत बनवणाऱ्यांसमोर बहुधा युरोपची उदाहरणे ठेवली जातात. मला युगांडाशी केलेली तुलना अधिक उपयोगाची वाटते. तोही वसाहतवादातून मोकळा झालेला, आपल्याहून गरीब आणि अशांत शेजाऱ्यांनी वेढलेला देश आहे; तरीही पंधरा लाखांहून अधिक निर्वासितांना त्याने आश्रय दिला आहे आणि त्यांचे हक्क २००६ च्या कायद्यात लिहून ठेवले आहेत.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. आपल्याकडे वैध कागदपत्रांविना आलेला माणूस जीव वाचवायला आला असो की रोजगारासाठी, परदेशी नागरिकांविषयीच्या पूर्वी १९४६ च्या आणि आता २०२५ च्या कायद्यानुसार तो केवळ बेकायदा परदेशी ठरतो. त्याच्याशी कसे वागायचे हे त्या त्या वेळचे सरकार ठरवते. त्यामुळे १९५९ पासून आलेल्या तिबेटींना वसाहती, शाळा आणि नोंदणी प्रमाणपत्रे मिळाली (गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची वसाहत त्यांपैकीच एक), तर १९८३ नंतर आलेल्या श्रीलंकेतील अनेक तमिळ कुटुंबांच्या पिढ्या तामिळनाडूतील छावण्यांत वाढल्या. रोहिंग्यांच्या हाती संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचे ओळखपत्र असले, तरी त्याने अटक किंवा परत पाठवणी टळतेच असे नाही. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर केंद्राने ईशान्येकडील राज्यांना येणाऱ्यांना रोखण्यास सांगितले, आणि मिझोरमने मात्र मिझोंशी असलेले वांशिक नाते ओळखून तिथून आलेल्या चिन जमातीच्या लोकांना थारा दिला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली. पण तिचा आधार छळाची वैयक्तिक तपासणी नसून देश, धर्म आणि ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आहे. सारख्याच संकटातून आलेल्या दोघांना दोन वेगळी उत्तरे मिळावीत, हा मला या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

युगांडाच्या कायद्यात निर्वासिताची व्याख्या आहे, आणि आफ्रिकी देशांच्या १९६९ च्या कराराला अनुसरून तिच्यात युद्धामुळे पळून आलेल्यांचाही समावेश होतो. अर्जावर समिती निर्णय देते आणि नकार मिळालेल्याला अपील मंडळाकडे जाता येते. भारतात अशा माणसाला थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच गाठावे लागते, आणि तेथील उत्तरही एकसारखे नसते: १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात राहिलेल्या चकमा जमातीच्या लोकांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश दिला, तर २०२१ मध्ये रोहिंग्यांना विहित प्रक्रियेनुसार परत पाठवण्यास स्थगिती देण्याचे नाकारले.

काम आणि संचार यांबाबतही युगांडा पुढे आहे. तेथे निर्वासितांना नोकरी करता येते, देशात फिरता येते आणि वसाहतींत घरासाठी व शेतीसाठी जमिनीचा तुकडा मिळतो. मात्र लोक वाढले तसे हे तुकडे आक्रसत गेले आणि परदेशी मदत आटल्यावर शिधाही कमी झाला, म्हणजे कायदा टिकला तरी पोट त्याच्यावर भरत नाही. शिवाय २०१८ च्या फेरनोंदणीत निर्वासितांचे आधीचे आकडे फुगवलेले असल्याचे उघड झाले. नागरिकत्वाच्या बाबतीत तर युगांडा भारतापेक्षा कठोर आहे, कारण देशात जन्मलेल्यांना नोंदणीने नागरिकत्व देताना त्याची राज्यघटना निर्वासितांची मुले आणि नातवंडे यांना वगळते; भारतात मात्र २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेले तिबेटी कायद्याने जन्मतः नागरिक आहेत.

कायद्याच्या विरोधातील सर्वांत भक्कम युक्तिवाद १९७१ चा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी लोकांना भारताने कोणत्याही निर्वासित कायद्याविना सांभाळले, आणि त्या औदार्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पण ते औदार्य त्या वेळच्या सरकारचे होते. आज सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या आधारे काहीही मागता येत नाही. म्हणून मी कायद्याच्या बाजूने आहे. युगांडाचा मसुदा जसाच्या तसा उचलावा असे मला वाटत नाही, परंतु जिथे जिवाला धोका आहे तिथे परत न पाठवण्याची हमी, धर्म न पाहता वैयक्तिक सुनावणी, नकारावर अपील आणि काम करण्याचा परवाना, एवढे तरी त्यात असलेच पाहिजे. या दिशेने २०१५ आणि २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयके मांडली गेली. त्यांपैकी एकाचेही कायद्यात रूपांतर झाले नाही.