डेक शीट: पत्रकातला आकडा आणि स्लॅबचा दिवस

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये मशिनं चालू ठेवून वर पोटमाळा घालायचा असेल, तर डेक शीटसारखा, म्हणजे ज्यावर स्लॅब ओततात त्या पन्हळीदार पोलादी पत्र्यासारखा सोयीचा माल नाही. खाली फळ्या-टेकूंची दाटी होत नाही, पत्रा काढायचीही भानगड नाही. फक्त ‘किती वजन घेते?’ याला एकच आकडा सांगणाऱ्या पत्रकावर भिस्त ठेवू नका. आकडे दोन असतात.

पहिला आकडा ओल्या काँक्रीटचा. पन्हळीची खोली ५० मिलिमीटर आणि एकूण स्लॅब १२५ मिलिमीटर असेल, तर काँक्रीटची सरासरी जाडी साधारण १०० भरते. म्हणजे दर चौरस मीटरला २५० किलो. माणसं, व्हायब्रेटर, पाइप यांचे आणखी १५० धरा. काँक्रीट घट्ट होईपर्यंत हे सगळं एकटा पत्रा पेलतो. पंपाचा पाइप एका जागी धरून फूटभर ढीग साचू दिला, तर तेवढ्या जागेत दर चौरस मीटरला ७५० किलो पडतात. पत्रा तिथेच मुडपतो. ढीग पडला की लगेच फावड्याने पसरवणारा माणूस पाइपजवळ हवाच.

गाळा, म्हणजे दोन टेकांमधलं अंतर, वाढवताना तर फार जपावं लागतं. गाळा दुप्पट केला की वाकवणारा जोर चौपट होतो आणि झोल, म्हणजे पत्रा मधोमध खाली वाकतो ते अंतर, सोळापट. १ मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचा जडत्व परिबल (वाकण्याला विरोध करणाऱ्या आकाराचं माप) मीटरमागे ५८ सेंटिमीटर चतुर्थघात धरला, तर दोन टेकांवरच्या अडीच मीटर गाळ्यात झोल सुमारे ११ मिलिमीटर येतो. मर्यादा गाळा भागिले १८०, म्हणजे १४. तोच गाळा ३ मीटर, म्हणजे जवळपास १० फूट केला, की झोल २४ वर जातो आणि मर्यादा फक्त १७. वर मिस्त्री लेव्हल साधतो तेव्हा त्या खोलग्यात सरासरी १५ मिलिमीटर जादा काँक्रीट बसतं, त्या वजनाने झोल आणखी वाढतो. तुकडे न करता एकच लांब पत्रा सलग दोन गाळ्यांवर टाकला तर झोल चाळीस टक्क्यांवर येतो. मात्र मधल्या तुळईवर जोर तेवढाच राहतो, म्हणून ताकदीचा हिशोब चुकवू नका. नाहीतर मधोमध टेकू द्या आणि तो निदान ७ दिवस हलवू नका.

दुसरा आकडा काँक्रीट घट्ट झाल्यानंतरचा, आणि खरी फसगत इथेच होते. पन्हळीच्या बाजूवरून बोट फिरवा. दाबून उठवलेले खवले हाताला लागले तर पत्रा काँक्रीटला धरून खालच्या सळईचं काम करू शकतो. बाजू गुळगुळीत असेल तर तो नुसता साचा. पुढचा सगळा भार सळईवर, आणि ती तशी मोजून घातलेली हवी. खवल्यांच्या पत्र्यावरही वरची सळयांची जाळी लागतेच, नाहीतर तुळईच्या रेषेत तडे जातात. फाउंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, ठेवायला असा माळा उत्तम. हादरे देणारं मशिन चढवायचं असेल तर इंजिनिअरकडून वेगळा हिशोब करून घ्या.

जाडी मायक्रोमीटरने मोजा. जस्ताचा थर दर चौरस मीटरला २७५ ग्रॅमचा असेल तर दोन्ही बाजू मिळून ०.०४ मिलिमीटर जस्तच असतं, ०.८ दिसलं तर पोलाद ०.७६. हिशोब पोलादावर करायचा.

बसवताना पत्र्याचं टोक तुळईवर किमान ५० मिलिमीटर टेकवा आणि पत्रा त्याच दिवशी पक्का करा. सुटा पत्रा वाऱ्याने सरकतो. बाजूच्या जोडांना स्क्रू कमी पडले की एक कड दबते, दुसरी वर राहते आणि फटीतून सिमेंटचं पाणी गळतं. पत्रा गॅसने कापू नका, जस्त जळतं, ग्राइंडर वापरा.

कोल्हापूरच्या पावसात थप्पी सपाट ठेवली तर दोन पत्र्यांमध्ये पाणी अडकून पांढरा गंज धरतो. एक टोक उचलून उतार द्या आणि ताडपत्रीखाली वारा खेळू द्या.