तानपुऱ्याची जवारी आणि १४० सीड्या: फ्लॅकसोबत आठ महिने

बाबांनी जमवलेल्या सीड्यांपैकी बऱ्याचशा काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधल्या. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं आणि सीड्या गिरगावातल्या आमच्या कपाटात पडून राहिल्या. गेल्या पावसाळ्यात कपाट उघडलं तर काहींवर बुरशीची नक्षी चढलेली. त्याच आठवड्यात ठरवलं की सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या, आणि त्याही फ्लॅक या फाइल-प्रकारात.

हिशेब असा. सीडीवर दोन चॅनल, सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, म्हणजे १४११ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट). फ्लॅक यातलं काहीही न टाकता फक्त घट्ट बांधून ठेवतं. फाइल उघडली की बिटाला बिट तसाच परत मिळतो. एमपी३ मात्र मोठ्या आवाजाखाली झाकलं जाणारं कानाला कळणार नाही असं धरून काढूनच टाकतं, आणि टाकलेलं पुन्हा मिळत नाही. तासाभराची सीडी मूळची सुमारे ६३५ एमबी, माझ्याकडे फ्लॅकमध्ये ३००च्या आसपास, ३२० केबीपीएसच्या एमपी३मध्ये १४४. अख्खा संग्रह ४२ जीबीत बसला. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही.

फरक खरंच ऐकू येतो का, हे मला माझ्याच कानांनी ठरवायचं होतं. एकाच फ्लॅकवरून १२८ आणि ३२०च्या एमपी३ बनवल्या आणि फूबार२००० या प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीला बसलो. कुठली फाइल वाजतेय हे त्यात आपल्याला दिसत नाही. वायरचा हेडफोन, रात्री अकरानंतर, पंखा बंद. निवडला तो आलापाआधीचा नुसता तानपुरा.

१२८ला मी १६ पैकी १४ वेळा बरोबर ओळखलं. जवारीची जी झणझण असते, तारेखाली धागा नेमक्या जागी आल्यावर वर उमलत जाणारे ते बारीक स्वर, ते १२८मध्ये एकमेकांत कालवल्यासारखे होतात. सलग तेजाऐवजी तिथे पाण्याखालची थरथर ऐकू येते. दुसऱ्या एका अभंगात टाळाचा ठोका पडायच्या आधीच हलकी ‘फस्स’ येते. एकदा कानात बसली की ती चुकवता येत नाही.

३२०ला मात्र १६ पैकी ९. नाणं उडवूनही इतकंच आलं असतं. माझ्या मुलीचे कान माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी तरुण, तिलाही १०च्या पुढे जाता आलं नाही. ३२० आणि फ्लॅकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे असं कुणी सांगितलं तर आधी न बघता ओळखायला लावा. सीडीपेक्षाही बारीक नोंदीच्या, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फायलींतही मला काही वेगळं सापडलं नाही.

चर्नी रोडहून अंधेरीच्या स्लो लोकलमध्ये तर विषयच नाही. ब्लूटूथवर जाताना आवाज पुन्हा एसबीसी किंवा एएसी या एमपी३सारख्याच गाळणाऱ्या पद्धतींनी दाबला जातो. ब्लूटूथसाठीचीच जास्त दर्जाची एलडीएसी पद्धतसुद्धा ९९० केबीपीएसला थांबते. त्यामुळे फोनमध्ये मी एएसी प्रती ठेवतो आणि त्यात मला काहीही कमी वाटत नाही. बायकोचा आयफोन आहे. म्युझिक अ‍ॅपच्या लायब्ररीत फ्लॅक जात नाही म्हणून तिच्या आवडीच्या सीड्या ॲपलच्याच अ‍ॅलॅकमध्ये करून दिल्या. दोन्ही लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळणारे, असल्याने या उलटसुलट फिरवण्यात काही सांडत नाही. फ्लॅकची खरी किंमत मला इथे कळली: उद्या नवा फॉरमॅट आला तरी मूळ हातात आहे. एमपी३वरून एएसी केलं की गाळलेलं पुन्हा गाळलं जातं.

एक फसवणूकही झाली. एका वेबसाइटवरून जुन्या नाट्यपदांचा ‘लॉसलेस’ संच विकत घेतला. आवाज कोंडलेला वाटला म्हणून स्पेक या प्रोग्रॅममध्ये आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख पाहिला, तर १६ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर कमी असतातच, पण तिथे टेपची खरखर वरपर्यंत विरत जाते, अशी रेघ पडत नाही. एमपी३लाच फ्लॅकचा सदरा घातला होता. दोन ईमेल केल्या, उत्तर नाही. आता विकत घेतलेली प्रत्येक फाइल आधी स्पेकमध्ये बघतो.

उतरवणं हेच सगळ्यात वेळखाऊ. सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा उतरवायचा प्रोग्रॅम शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतो, मग अ‍ॅक्युरेटरिप या, इतरांनी उतरवलेल्या सीड्यांच्या नोंदींच्या साठ्याशी जुळवून बघतो. बुरशीवाल्या एका सीडीला पूर्ण रात्र लागली. नऊ सीड्या अजूनही नीट उतरलेल्या नाहीत.

एक प्रत डोंबिवलीला ताईकडे ठेवली आहे. प्रत्येक फ्लॅक फाइलमध्ये मूळ आवाजावरून काढलेली एमडी५ नावाची आकड्यांची खूण असते, त्यामुळे फाइल बिघडली तर तपासणीत लगेच कळतं. गेल्या महिन्यात माझ्या डिस्कवरची एक फाइल बिघडलेली निघाली, बाबा रोज सकाळी लावायचे त्या तोडीची. रविवारी ताईकडे जेवायला गेलो आणि येताना ती घेऊन आलो.