आरडीपी की एसडीपी, आणि पिशवी किती दिवसांची?

आरडीपी (रँडम डोनर प्लेटलेट) आणि एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट), दोन्ही पिशव्यांत प्लेटलेटच असतात, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. आरडीपी नेहमीच्या रक्तदानातून वेगळी काढतात. एका पिशवीत ५० ते ७० मिली द्रव असतो आणि तिने मोठ्या माणसाचा काउंट (रक्तातील प्लेटलेटची संख्या) ५ ते १० हजारांनी वाढतो, म्हणून एका वेळी ४ ते ६ पिशव्या लागतात. एसडीपीसाठी एकाच दात्याला मशीनवर तास-दीड तास बसवतात. त्यातून मिळणाऱ्या २०० ते ३०० मिलीने काउंट ३० ते ५० हजारांनी वर जातो. खर्च मात्र कितीतरी पट.

रक्तस्राव चालू असेल तर एसडीपीच्या दात्यासाठी थांबू नका. त्याचा काउंट दीड लाखाच्या वर हवा, मागच्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको, शिवाय एचआयव्ही आणि काविळीच्या तपासण्या व्हायच्या. अर्धा दिवस सहज जातो. आरडीपी रक्तपेढीत तयार असतात. डेंग्यूत रक्तस्राव नसेल आणि काउंट १० हजारांच्या वर असेल, तर बहुतेकदा दोन्हींची गरज नसते. नुसता आकडा पाहून धावाधाव करू नये.

रक्ताचा कर्करोग किंवा अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या (अस्थिमज्जेत रक्तपेशी पुरेशा तयार न होण्याच्या) रुग्णाला महिनोन्‌महिने प्लेटलेट लागतात. तिथे दाते जितके कमी तितके बरे, म्हणून एसडीपी. पण शरीरात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका कमी होतो तो मुख्यतः पांढऱ्या पेशी गाळल्यामुळे. गाळलेली आरडीपीही या बाबतीत चांगली ठरते, तेव्हा ‘ल्यूकोफिल्टर केली आहे का?’ हे विचाराच. बोन मॅरो प्रत्यारोपण व्हायचे असेल तर सख्ख्या नातेवाइकांच्या प्लेटलेट टाळाव्यात.

साठवण दोन्हींची सारखीच: २० ते २४ अंश सेल्सियस, अ‍ॅजिटेटरवर (पिशव्या हलवणाऱ्या यंत्रावर) सतत हलती, ५ दिवस. फ्रीजमध्ये प्लेटलेटचा आकार बदलतो आणि रुग्णाच्या अंगात गेल्यावर यकृत त्यांना भराभर काढून टाकते. हलवणे बराच वेळ थांबले की पिशवीच्या प्लास्टिकमधून वायूंची देवाणघेवाण मंदावते, लॅक्टिक आम्ल साचते, पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की ते घटते) ६.२ च्या खाली उतरतो आणि प्लेटलेट निकामी होतात. मुदत ५ दिवसांचीच का? या तापमानाला जंतूही वाढतात. अमेरिकेने १९८४ मध्ये मुदत ७ दिवस केली होती, पण जंतुसंसर्गामुळे १९८६ मध्ये पुन्हा ५ वर आणली. आता तिथे जंतूंची जादा तपासणी केली तरच ७ दिवस चालतात.

आजची पिशवी घ्यावी की चौथ्या दिवसाची? जुन्या पिशवीने काउंट थोडा कमी वाढतो आणि लवकर उतरतो. रक्तस्राव रोखण्यात मात्र अभ्यासांत ठळक फरक दिसलेला नाही. नीट हलवत ठेवलेली चौथ्या दिवसाची पिशवी परत करू नका.  पिशवी उजेडासमोर धरून हलकेच हलवली की आत रेशमी, भोवऱ्यासारखी चमक फिरताना दिसते. निरोगी, चपट्या प्लेटलेटची ती खूण. चमक नसेल, न विरघळणाऱ्या गुठळ्या असतील किंवा पिशवी फुगली असेल, तर न लावता रक्तपेढीला कळवा.

सर्वात जास्त नासाडी वॉर्डात होते. पिशवी आली की कोणीतरी रक्ताच्या सवयीने ती फ्रीजमध्ये ठेवते. ती लगेच लावायला हवी, फिल्टर असलेल्या नव्या सेटने (रक्त चढवायच्या नळीने). आधी रक्त दिलेला सेट वापरू नये. साधारण अर्ध्या तासात संपते, ४ तासांच्या पुढे तर अजिबात नेऊ नये. मग तासाभराने काउंट करून घ्या. तासाभरानेही वाढलेला नसेल, आणि असे दोनदा झाले, तर प्रतिपिंडांची शंका घेऊन डॉक्टरांशी बोला. तासाला वाढलेला आणि २४ तासांनी पुन्हा उतरलेला असेल, तर कारण बहुधा ताप, जंतुसंसर्ग किंवा वाढलेली प्लीहा. अशा वेळी पिशवी बदलून फारसे हाती लागत नाही.