माइल्ड हायब्रिडच्या आधी गिअरबॉक्स पाहा

अकरा वर्षे वापरलेली मॅन्युअल गाडी बदलायचे ठरले, तेव्हा आमच्या अटी मोजक्या होत्या. पाच माणसे, त्यांतली दोघे सत्तरीच्या पुढची, डिकीत दोन मोठ्या बॅगा, इंजिन पेट्रोलचे आणि माझ्या डाव्या पायाची क्लचपासून सुटका. महिनाभर टेस्ट ड्राइव्ह घेतल्यावर माझे मत असे झाले की, जाहिरातीत ‘हायब्रिड’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरांत असला, तरी रोजचे सुखदुःख ठरते ते गिअरबॉक्सवरून.

एका विक्रेत्याने तर ‘ही अर्धी इलेक्ट्रिकच समजा’ असे सांगितले. ते खरे नव्हे. माइल्ड हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोट्या विजेच्या मोटरची जोड. बहुतेक माइल्ड हायब्रिड गाड्यांत नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी पट्ट्याने इंजिनला जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो. वेग कमी करताना तो वीज साठवतो आणि वेग घेताना इंजिनाला थोडा हातभार लावतो. एकट्याने चाके फिरवण्याएवढे बळ त्याच्यात नसते. काही नव्या गाड्यांत मोटर गिअरबॉक्समध्येच बसवलेली असल्याने त्या वीजेवर थोडेसे सरकू शकतात, पण तो अपवाद समजावा. प्रणाली १२ व्होल्टची असेल, तर मदत नाममात्र असते. ४८ व्होल्टची असेल, तर ती जाणवते. फोक्सवॅगनच्या दीड लिटरच्या ईटीएसआय या माइल्ड हायब्रिड इंजिनात तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिन बंद ठेवून गाडी नुसत्या वेगावर वाहू देण्याची सोय आहे. अ‍ॅव्हरेजमध्ये फरक पडतो तो थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी रहदारीत, तोही माफक. महामार्गावर एकाच वेगाने जाताना साठवायला फारसे काही उरतच नाही.

मला या प्रणालीचा खरा गुण सिग्नलवर दिसला. गाडी थांबली, इंजिन आपोआप बंद होऊन त्याच्या फेऱ्यांचा काटा शून्यावर आला, शांतता पसरली आणि ब्रेकवरचा पाय उचलताच, जुन्या स्टार्टरची खरखर न होता, इंजिन पुन्हा सुरू झाल्याचे मागे बसलेल्यांना कळलेही नाही. मात्र एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालणारा असल्याने मोठ्या सिग्नलवर झोताचा गारवा हळूहळू ओसरतो आणि मग इंजिन आपणहून सुरू होते.

आता गिअरबॉक्स. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राकरवी आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअरबॉक्स, आम्ही पहिल्याच फेरीत बाद केला, कारण गिअर बदलताना मागच्यांच्या माना डोलत होत्या. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, धक्का मुळीच नाही, आणि शांतपणे चालवणाऱ्या घराला हा प्रकार पुरेसा आहे. पण अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो. हा दोष कमी करण्यासाठी टोयोटाने काही सीव्हीटींमध्ये सुरुवातीच्या हालचालीपुरता एक खरा दातेरी गिअर बसवला आहे. कल्पना मला फार आवडली.

ड्युअल क्लच, म्हणजे एकाआड एक गिअरांसाठी दोन वेगळे क्लच असलेला गिअरबॉक्स, हा सर्वांत चपळ. मात्र पार्किंगच्या उतारावर एका साध्या टर्बो पेट्रोल गाडीत मी ब्रेक सोडला, तेव्हा ती पुढे सरकण्याआधी वीतभर मागे आली आणि मागे खांब असल्याने ती वीत मला फार मोठी वाटली. या गिअरबॉक्समध्ये रेंगाळत्या रहदारीत क्लच अर्धवट लागलेल्या अवस्थेत राहून तापतो. म्हणून असा गिअरबॉक्स घ्यायचाच असेल, तर क्लच कोरडा आहे की तेलात बुडालेला, हे विचारून घ्यावे. तेलातला उष्णता अधिक सोसतो.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामधला दुवा द्रवाचा असल्याने गाडी मुंगीच्या पावलानेही विनाधक्का चालते. त्याच उतारावर, त्याच खांबापुढे आम्ही अशी गाडी चालवून पाहिली आणि वाद मिटला. काही अंतर नुसत्या विजेवरही धावू शकणारी फुल हायब्रिड अ‍ॅव्हरेजमध्ये या सर्वांच्या पुढे आहे, यात शंका नाही; पण आमचे वर्षाचे धावणे पाहता वरची किंमत भरून यायला फार काळ लागला असता.

शेवटी दीड लिटरचे टर्बो नसलेले इंजिन, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची माइल्ड हायब्रिड प्रणाली अशी गाडी घेतली. भरल्या गाडीने चढावर ओव्हरटेक करताना पिकअप कमी पडतो आणि तिथे हायब्रिड मदतीला येत नाही, हे आधी दिसले होते, पत्करले. सर्व्हिसिंगबाबत मात्र दोन गोष्टी लिहून घेतल्या. स्टार्ट-स्टॉपच्या, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या, गाड्यांना लागणारी मजबूत प्रकारची १२ व्होल्टची बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा महाग असते. शिवाय गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ म्हणून सांगितले जात असले, तरी झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते.

एक तक्रार राहिली आहे. स्टार्ट-स्टॉप बंद करण्याचे बटण दर वेळी गाडी सुरू केल्यावर पुन्हा दाबावे लागते, आणि सिग्नलवर बंद पडणारी गाडी वडिलांना अजूनही बिघडलेलीच वाटत असल्याने, ते पुढे बसले की पट्टा लावण्याआधी त्यांचा हात त्या बटणाकडे जातो.