टेबल टेनिस आणि चिनी एकत्र : रत्नागिरीतल्या एका वर्गाबद्दल

नातवंडांना चिनी भाषा यावी म्हणून या वर्गात घालणार असाल, तर थांबा. टेबल टेनिसची गोडी लागावी म्हणून घालणार असाल, तर बेलाशक घाला. मे महिन्यात नातीला मारुती मंदिराजवळच्या या वर्गाला मीच सोडत-आणत होतो. निवृत्त गणित शिक्षक, त्यातून कॅरमचा माणूस. त्यामुळे बाकीचे पालक बाहेर मोबाइलात डोकं घालून बसले तरी मी आत बाकावर.

सर तिशीतले, चिपळूणकडचे. चीनमधल्या ग्वांगझौला काही वर्षं नोकरी करून आलेत. टेबलावरचा सगळा व्यवहार चिनीत, हा त्यांचा नियम. सुरुवातीला टेबलाला हातही लावू देत नाहीत. बॅटवर चेंडू उडवायचा आणि मोजायचं : ई, अर, सान, स्स, ऊ... चेंडू पडला की पुन्हा ई. पोरं असल्या इरेला पेटतात की पाढे म्हणताना कधी पेटली नसतील. गेम पूर्वी 21 गुणांचा असायचा, 2001 मध्ये तो 11 वर आला. ते इथे पथ्यावर पडतं. चिनीत अकरा म्हणजे नुसतं दहा-एक. दहापर्यंत आलं की मुलं गुण पुकारायला मोकळी. सर्व्हिस करणाऱ्याने आधी आपले गुण सांगायचे, मग समोरच्याचे : ‘सान पी अर’, म्हणजे तीन-दोन. चुकलं तर सर्व्हिस दुसऱ्याला. हा दंड खेळाच्या नियमात कुठेही नाही, पण फार कामाचा आहे.

मला सगळ्यात आवडली ती सुरांची शिकवणी. चिनीत चार सूर. सूर हलला की अर्थ हलतो. चार हा आकडा वरून खाली उतरतो, दहा खालून वर चढतो, आणि दोन्हींचा उच्चार आपल्या कानाला जवळजवळ सारखाच. सर ते बॅटने दाखवतात. दहा म्हणताना बॅट खालून वर न्यायची, टॉपस्पिन म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका मारतात तशी. चार म्हणताना वरून खाली, चॉप म्हणजे उलटी फिरकी देणाऱ्या फटक्यासारखी. सानला बॅट सरळ आडवी. मुलं हॉलभर बॅटी फिरवत ओरडत असतात, आणि मनगट-कोपर नकळत वळणावर येतं.

आता तक्रारी. आकड्यांचा कागद देतात तो रोमन लिपीत. आठ या आकड्याला त्यात ‘बी’ हे अक्षर, म्हणून पोरं ‘बा’ म्हणतात; सर स्वतः म्हणतात ‘पा’. सातपुढे ‘क्यू’ बघून तर एकाने थेट ‘की’ वाचलं. म्हणायचं असतं ‘छी’. अहो, प-फ आणि च-छ यांतला फरक आपल्या पोरांना बालवाडीपासून कळतो. देवनागरीत लिहून द्या की! बोललो मी. पुढच्या बॅचला करतो म्हणाले.

दोन टेबलांवर सोळा मुलं, हे जास्तच आहे. टेबल 76 सेंटिमीटर उंच, सहा वर्षांच्या पोराच्या छातीशी येतं, त्यामुळे सात-आठ वर्षांखाली पाठवू नका. चेंडू जेमतेम 2.7 ग्रॅमचा. पंखा लावला की भरकटतो, खिडकी उघडली की खाडीवरचा वारा. म्हणजे सगळं बंद आणि आत घामाच्या धारा. आपल्या दमट हवेत बॅटवरचं रबरही ओलसर होतं, चेंडू नुसता घसरतो. वर्गातल्या बॅटी गुळगुळीत झाल्यात. स्वतःची घ्या, पिशवीत एक कोरडं फडकं ठेवा.

शेजारच्या बागायतदारांनी मला विचारलं, “चिनी शिकून काय चीनला हापूस धाडायचाय?” मी म्हटलं, धाडलात तर भाव तरी चिनीत सांगता येईल. सर मात्र अशी स्वप्नं विकत नाहीत, हे मला पटलं. 1971 मध्ये अमेरिकेचे टेबल टेनिस खेळाडू चीनला गेले आणि दोन देशांतला अबोला सुटू लागला, ती गोष्ट ते सांगतात, मुलं जांभया देतात. पण 2023 च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत आपल्या सुतीर्था आणि आयहिका मुखर्जींनी चेन मंग-वांग यीदी या चिनी जोडीला उपांत्यपूर्व फेरीत हरवलं, त्या सामन्याची क्लिप लावली की सगळी टेबलाभोवती गोळा. तिथल्या प्रेक्षकांचं ‘च्या यौ’, म्हणजे ‘लगाव जोर’, आता आमच्या अंगणातही चालू असतं, लगोरीलासुद्धा.

फी महिन्याला 1,800. रत्नागिरीच्या मानाने जास्त. टेबलं वाढवली तर वाजवी म्हणेन. जिल्हा स्पर्धेची तयारी इथे होणार नाही, हे सर स्वतःच सांगतात. सकाळची सातची बॅच मिळाली तरच नाव घाला. चारच्या बॅचला उकाडा असतोच, त्यात लाईट गेली की मुलं अंधारात बॅटी घेऊन बसतात आणि फी काही परत मिळत नाही.